पहाटे खोकणारा ट्रक

रात्री मुलाला सणकून ताप भरतो. सकाळी डॉक्टरांकडे नेईपर्यंत तो उतरलेला असतो. मूल दवाखान्याच्या बाकावर बसून खिदळत असते आणि आई बिचारी खोटी ठरते. डॉक्टर अनुभवी असतील तर ते मुलाला तपासण्याआधी आईलाच विचारतात : ताप किती वाजता चढला, थंडी वाजली का, घाम कधी फुटला? यंत्राच्या दुखण्यात मात्र असे प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

भिलाईच्या हुडको वसाहतीतून एका भगिनींचे पत्र आले आहे. यजमानांनी कर्ज काढून जुना ट्रक घेतला. भिलाईहून लोखंडी माल भरायचा, नागपूरला उतरवायचा आणि मिळेल ते भाडे घेऊन परतायचे, असा त्यांचा व्यवसाय. थंडी सुरू झाल्यापासून ट्रक पहाटे नीट चालू होत नाही. बराच वेळ सेल्फ मारल्यावर धडधडत, थरथरत सुरू होतो, पांढऱ्या धुराने गल्ली भरून जाते, शेजारी खिडक्या लावून घेतात. दहा-पंधरा मिनिटांत मात्र इंजिन असे गुळगुळीत चालते की जणू काही झालेच नव्हते! पहिल्या मिस्त्रीने डिझेल फिल्टर बदलला, दुसऱ्याने सगळे नोझल बदलले, आणि तिसरा म्हणतो, ‘हाफ इंजिन’ करावे लागेल. खर्च लाखाच्या आसपास. बांगड्या गहाण ठेवाव्यात का, असे त्या विचारतात.

ट्रक न पाहता त्याचे निदान करणारा मी कोणी सिद्धपुरुष नव्हे. पण पत्रातल्या एका वाक्याने माझे लक्ष वेधले. तिन्ही वेळा ट्रक गॅरेजमध्ये चालवत नेला होता. म्हणजे तिन्ही मिस्त्रींनी तो तापलेला पाहिला. जे दुखणे फक्त थंडपणी असते ते त्यांच्यापैकी एकानेही डोळ्यांनी पाहिले नाही. मग उरतो तो अंदाज, आणि अंदाजाने केलेली दुरुस्ती म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

म्हणून पहिला सल्ला असा, की बांगड्या कपाटातच असू द्याव्यात. ट्रक आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये नेऊन उभा करावा, आणि सकाळी मिस्त्री समोर असल्याशिवाय किल्लीला कोणी हात लावू नये. मिस्त्री घरी येत असेल तर त्याला पहाटे बोलवावे. एवढ्या लवकर यायला तो कुरकुर करील. त्याला चहा पाजावा, जास्तीची मजुरी द्यावी. हाफ इंजिनच्या मानाने ते स्वस्तच पडेल.

थंडीत डिझेल इंजिनाचे काय होते?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, त्यामागची कल्पना सायकलच्या पंपातही दिसते. जोरात हवा भरली की पंपाचे तोंड गरम लागते, कारण दाबलेली हवा तापते. ट्रकच्या सिलिंडरमध्ये हवा दाबून साधारण सतराव्या हिश्शाएवढी केली जाते आणि तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते. त्या तप्त हवेत नोझल डिझेलचा अत्यंत बारीक फवारा सोडतो आणि फवारा आपोआप पेटतो.

आता यातले काय काय बिघडू शकते ते पाहा. हवा हळू दाबली गेली, तर उष्णता सिलिंडरच्या थंडगार भिंतींत निघून जाते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर हवा बाजूने निसटते आणि पुरेशी तापत नाही. फवाऱ्याऐवजी नोझलमधून थेंब गळत असतील, तर ते पेटायला वेळ लागतो. डिझेल उशिरा आले किंवा त्यात हवेचे बुडबुडे असले, तरीही स्फोट चुकतो. एखाद्या सिलिंडरचा स्फोट असा चुकला, की इंजिन लंगडते. त्यालाच आपले मिस्त्री ‘मिसिंग’ म्हणतात. इंजिन तापले की भिंती गरम होतात, धातू प्रसरण पावून फटी कमी होतात आणि थोडा अशक्त सिलिंडरही रेटून नेतो. दोष तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

भिलाई म्हणजे काही काश्मीर नव्हे. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. एवढ्या थंडीत धडधाकट डिझेल इंजिन विनातक्रार चालू झाले पाहिजे. ‘डिझेल गोठले असेल’ असे कोणी सांगितले तर लगेच मान डोलावू नये. डिझेलमधल्या मेणाचे कण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवतात हे खरे. पण भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेलने ६ अंशांपर्यंत फिल्टर तुंबवता कामा नये. उन्हाळी डिझेलला ही मर्यादा १८ अंशांची आहे. म्हणून दिवाळीपूर्वी टाकी भरून महिनाभर उभ्या राहिलेल्या ट्रकला हा त्रास होऊ शकतो, रोज धावणाऱ्याला सहसा नाही. लडाखची गोष्ट वेगळी. तिथल्यासाठी उणे ३३ अंशांतही प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल २०१९ साली आणावे लागले. शिवाय मेणाने तुंबलेला फिल्टर वेगळी लक्षणे दाखवतो. इंजिन आधी चालू होते आणि रस्त्याला लागल्यावर दम तोडते. हुडकोतल्या ट्रकचे वागणे नेमके उलटे आहे.

किल्ली फिरवण्यापूर्वी

आता त्या पहाटेकडे वळू. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी. (गरम असताना ते कधीही उघडू नये. उकळत्या पाण्याने तोंड भाजते.) तेलाची कांडी काढून पाहावी. पाणी रोज थोडे थोडे कमी होत असेल, किंवा तेल ताकासारखे फिकट झाले असेल, तर संशय हेड गॅस्केटवर जातो आणि पुढचा विचार बदलतो. तसे काही नसेल तर इंजिन तूर्त उघडू नये.

यानंतरची तपासणी फुकटची आहे. बहुतेक ट्रकना फिल्टरजवळ किंवा फीड पंपावर हाताने दाबायचा छोटा पंप असतो. सेल्फ मारण्याआधी तो वीस-तीस वेळा दाबून पाहावा. सुरुवातीला तो पोकळ लागला, नंतर घट्ट झाला, आणि त्या दिवशी ट्रक शहाण्यासारखा चालू झाला, तर अर्धे निदान झालेच म्हणून समजा. रात्रभरात पाइपातले डिझेल टाकीकडे परत उतरते आणि त्याची जागा हवा घेते, असा याचा अर्थ. कारण क्षुल्लक असते : चिरलेला रबरी पाइप, सैल क्लिप, दबून गेलेला तांब्याचा वॉशर किंवा नीट न बसणारा झडपेचा चेंडू. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप डिझेल ओढून घेणारा असतो. त्यामुळे तिथे फट असली तरी डिझेल बाहेर गळताना दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. ओलसर डाग नाही म्हणून मिस्त्री तो पाइप निर्दोष ठरवतात आणि पुढचे महागडे भाग खोलत बसतात. थंडीत रबर कडक होऊन फट मोठी होते, गरम झाल्यावर पुन्हा बसते. म्हणून हे दुखणेही पहाटेचेच. खात्री करायची तर फिल्टरपाशी तात्पुरता पारदर्शक पाइप जोडावा. बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

याच वेळी फिल्टरखालच्या पाणी-विभाजकाचा नळ सोडून तळाशी साठलेले पाणी काढावे. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडीत राहिली, की आतल्या हवेतला ओलावा तिच्या भिंतींवर जमतो. फेरीहून आल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची सवय त्यासाठीच आहे.

सेल्फ आणि धूर

मग सेल्फ मारावा आणि कान द्यावा. इंजिन झपझप फिरते की रेटत रेटत? ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांतली एक अशक्त झाली की दुसरी नवी असूनही उपयोग होत नाही. सेल्फ मारताना दोन्हींचा व्होल्टेज वेगवेगळा मोजला तर दोषी कोण ते लगेच कळते. जमिनीला जोडलेली जाड केबल गंजलेली असली तरी हाच त्रास होतो. थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो आणि इंजिनातले तेल घट्ट होते. त्यात कोणी ‘जुन्या गाडीला जाड तेल बरे’ म्हणून मनाने तेल ओतले असेल तर बघायलाच नको. हळू फिरणाऱ्या इंजिनात हवा तापत नाही हे आपण वर पाहिलेच. बॅटरीचा दोष रिंगांच्या माथी मारला गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

धुराकडे पाहण्याचे काम घरातली कोणतीही व्यक्ती करू शकते, मात्र थोडे लांब उभे राहून. पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल, तर ते न पेटलेले डिझेल होय. एखादा सिलिंडर पेटत नाही, किंवा पंपाचे टायमिंग उशिरा आहे. पंप नुकताच उतरवून बसवला असेल तर टायमिंगचा संशय आधी घ्यावा. पांढरी वाफ झोंबत नसेल आणि दोन मिनिटांत विरत असेल, तर ती थंडीतली नेहमीचीच. पण इंजिन तापल्यावरही वाफ येतच राहिली आणि पाणी घटू लागले, तर ते पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, पण थंडपणीच्या मिसिंगशी त्याचा संबंध कमी. किती मिनिटांनी इंजिन सुरळीत झाले ते घड्याळ लावून वहीत लिहून ठेवावे. तीन सकाळच्या अशा तीन नोंदी मिस्त्रीच्या हातात दिल्या, तर त्याचे निम्मे काम झालेले असेल.

कोणता सिलिंडर आजारी आहे हे ओळखण्याची एक जुनी आणि गमतीची युक्ती आहे. थंड इंजिन चालू होताच एक्झॉस्टच्या प्रत्येक नळीवर पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. जिथे थेंब चुरचुरत नाही, तो सिलिंडर पेटत नाही. आता लांबून तापमान मोजणारी छोटी यंत्रे बाजारात सहज मिळतात, त्यांनी हेच काम अधिक नेमके होते. पण ते पहिल्या एक-दोन मिनिटांतच करायचे. नंतर सगळ्याच नळ्या तापतात.

आजारी सिलिंडर सापडला की त्याचा नोझल शेजारच्या सिलिंडरला लावावा आणि शेजारचा त्याला. दुसऱ्या पहाटे मिसिंग नोझलबरोबर सरकले, तर दोष नोझलचा. जिथल्या तिथेच राहिले, तर दोष त्या सिलिंडरच्या दाबाचा, झडपेचा किंवा पंपाच्या त्या भागाचा. सगळे नोझल एकदम बदलण्यापेक्षा ही अदलाबदल कितीतरी शहाणपणाची. नव्या संगणकी इंजिनांत मात्र प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक संगणकात नोंदवलेला असू शकतो. तिथे अदलाबदल केल्यास तीही नोंदवावी लागते.

इथे एक धोक्याची सूचना

जुन्या उस्तादांची आणखी एक पद्धत आहे. चालू इंजिनात नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल करायचे आणि आवाज ऐकायचा. ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच बंद. जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांवर अनेक पिढ्यांनी हे केले आहे. पण कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत पाइपातला दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त असतो. तिथे चालू इंजिनाचा नट सैल केला, तर केसाएवढी डिझेलची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत घुसते. जखम डास चावल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि नंतर बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झाले तर हळद लावून वाट पाहू नये. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जाऊन ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. ट्रकवर कोणती पद्धत आहे ते पत्रात लिहिलेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहिले. त्या घरातला मुलगा वडिलांबरोबर क्लीनर म्हणून जातो, असाही पत्रात उल्लेख आहे.

कॉमन रेलच्या ट्रकसाठी एक सोपी कसोटी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकला पहाटे, चालू करण्याआधी, स्कॅनर जोडावा. पाणी, डिझेल आणि आत येणारी हवा या सगळ्यांची तापमाने जवळजवळ सारखी आणि बाहेरच्या हवेएवढीच दिसली पाहिजेत. बाहेर बारा अंश असताना पाण्याचा सेन्सर साठ अंश दाखवत असेल, तर इंजिन तापलेलेच आहे असे समजून संगणक थंडीसाठीची तयारी करत नाही. एवढ्याशा सेन्सरपायी इंजिन खोलल्याचे ऐकले की वाईट वाटते.

आणखी एक खास आपल्याकडचा प्रकार म्हणजे उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. विदर्भ-छत्तीसगडच्या मे महिन्यात ही युक्ती चतुर वाटते, पण हिवाळ्यात त्याच इंजिनाला अंगात ऊब यायला फार वेळ लागतो. पाच मिनिटांचे मिसिंग वीस मिनिटांवर जाते, डिझेल जास्त जळते, न जळलेले डिझेल तेलात उतरून ते पातळ होते. आपल्या ट्रकमध्ये थर्मोस्टॅट आहे की नाही, हे जरूर विचारावे.

शेजाऱ्यांच्या तक्रारीबद्दलही दोन शब्द. ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. घरालगत अर्धा अर्धा तास इंजिन नुसते चालू ठेवण्याने ते फारसे तापतही नाही. ब्रेकचा हवेचा दाब पूर्ण भरेपर्यंत मात्र थांबलेच पाहिजे, त्यात घाई करू नये. मग हळूहळू, जोर न देता निघावे. चालत्या गाडीत इंजिन लवकर तापते. ट्रक शक्यतो गल्लीबाहेर, मोकळ्यावर उभा करावा. आणि काहीही झाले तरी टाकीखाली चिंध्या पेटवणे किंवा हवेच्या नळीपाशी पेटता बोळा धरणे, हे प्रकार करू नयेत. फवारा मारून इंजिन चालू करण्याची जी डबी मिळते तीही सवयीची करू नये. तिच्यातल्या ईथरचा स्फोट पिस्टनवर घणासारखा बसतो.

इतके सगळे करूनही दोष एखाद्या सिलिंडरच्या दाबापाशीच येऊन थांबला, तर हाफ इंजिन टाळता येणार नाही. पण तसे म्हणायला पुरावा हवा. इंजिन चालू असताना ब्रीदरच्या नळीतून धुराचे भपकारे येतात का? दोन फेऱ्यांत तेल किती घटते? सगळ्या सिलिंडरांचा दाब गेजने मोजून कागदावर लिहून मागावा. सगळे आकडे चांगले आणि एकमेकांच्या जवळ असतील, तर रिंगा बदलण्याचे कारण उरत नाही. एकच आकडा खाली असेल, तर त्या सिलिंडरची झडप आधी पाहावी, कारण हेड उतरवून झडप बसवणे हाफ इंजिनपेक्षा बरेच स्वस्त असते. सगळेच आकडे खाली असतील, तर मिस्त्री खरे बोलतो आहे. मग काम एका मोसमासाठी पुढे ढकलू नये. बदललेल्या रिंगा, लाइनर आणि बेअरिंगे पोत्यात घालून घरी आणावीत, आणि बिलावरच्या प्रत्येक नगाशी ताडून पाहावीत.